न्हावा-शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं त्या दिवशी

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतली रसायनं असोत की परदेशी निघालेले पेणचे गणपती, कंटेनर वळतो तो उरणच्या न्हावा-शेवा बंदराकडेच. मंगळवार, २७ जून २०१७ रोजी या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. कारण निघालं ते युक्रेनमधल्या करभरणा सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत.

दुपारी २.२९
‘एमईडॉक’ हे युक्रेनमधल्या हिशेबनिसांचं रोजच्या वापरातलं सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेट सर्व्हरचा ताबा हल्लेखोर चोरलेल्या पासवर्डने घेतात. खरं तर सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा आधीच बसला होता. १४ एप्रिल, १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटांमधून तो ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर गेला होता आणि कुणालाही पत्ता लागला नव्हता.

दुपारी २.४५
सर्व्हरची मांडणी बदलते. अपडेट मागायला येणारी वाहतूक आता हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे वळते.

दुपारी ४ च्या सुमारास
एमईडॉकचाच प्रोग्रॅम एक नवी फाइल चालवतो. पुढे तिला ‘नॉटपेट्या’ हे नाव पडलं.

इथे थोडं थांबायला हवं. सॉफ्टवेअर बनवणारा आपल्या फाइलवर डिजिटल सही करतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी सही जुळत नाही. नॉटपेट्यावर मायक्रोसॉफ्टची सही होती, पण दुसऱ्या फाइलवरून उचलून चिकटवलेली. तपासली असती तर खोटी ठरली असती. पण फाइल चालवणारा प्रोग्रॅम ओळखीचा, रोजचा. सही तपासायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याहून वाईट भाग पुढचा. कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड गोळा करून शेजारच्या यंत्रांवर उडी मारायला त्याने ‘पीएसएक्झेक’ हे मायक्रोसॉफ्टचं अस्सल हत्यार सोबत आणलं होतं. त्यावरची सही खरी होती. सही फाइल कुणाची ते सांगते, ती आज कुणाच्या हातात आहे ते सांगत नाही. नॉटपेट्या विंडोजच्या नेटवर्कमधल्या एका त्रुटीतूनही पसरायचा, पण या पासवर्डांमुळे ती त्रुटी बुजवणारा, मार्चमध्ये आलेला सुरक्षा पॅच टाकलेली यंत्रंही वाचली नाहीत. अँटिव्हायरसचंही त्याला भान होतं: नॉर्टन दिसला तर त्या त्रुटीचा मार्ग तो सोडून द्यायचा, कॅस्परस्की दिसला तर डिस्कची सुरुवातच खरवडून टाकायचा.

पुढची १० ते ६० मिनिटं
यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: डिस्क दुरुस्त होत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. टक्केवारी सरकत राहते. प्रत्यक्षात त्या वेळी फाइलींची सूचीच कुलूपबंद होत असते. कुणी तेव्हाच वायर उपटली असती, तर बरंच काही वाचलं असतं. पण ‘बंद करू नका’ हे वाचून माणसं शहाण्यासारखी थांबून राहिली. नंतर लाल अक्षरांत ३०० डॉलरची मागणी आली. पैसे भरून उपयोग नव्हता, कारण पडद्यावर दिलेल्या क्रमांकावरून किल्ली काढताच येत नव्हती.

संध्याकाळ
मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीच्या ओडेसातल्या कचेरीत एमईडॉक एकाच कॉम्प्युटरवर होतं. तेवढं पुरलं. जगभरातल्या ७६ टर्मिनलांपैकी १७ अडकली. न्हावा-शेव्याचं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ मर्स्क गटाकडेच असल्यामुळे तेही त्यात सापडलं. कोणता कंटेनर यार्डात कुठल्या थप्पीत आहे, कोणता ट्रेलर आत घ्यायचा, हे सगळं कॉम्प्युटरवर. पडदे गेल्यावर क्रेन धड असूनही काम चालेना.

संध्याकाळी ६.०३
अपडेट सर्व्हरची मांडणी पूर्ववत होते. आता त्याचा कुणाला फायदा नव्हता.

रात्र
माल तुंबणार, हे केंद्रीय नौवहन मंत्रालयाला जाहीर करावं लागतं. रात्री १.१६ वाजता हल्लेखोर आपला सर्व्हर शून्यांनी भरून पुसून टाकतात.

मर्स्कने १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा.

हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, १ जुलैला, आपल्याकडे जीएसटी लागू झाला आणि पेण-रोह्यातल्या करसल्लागारांच्या टेबलांवरही नव्या सॉफ्टवेअरची, नव्या अपडेटांची रीघ लागली. ‘अँटिव्हायरस अडवतोय? थोडा वेळ बंद करा आणि इन्स्टॉल करा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांची अडचण खरी आहे. सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात आणि सही नसलेली चांगली फाइलही अँटिव्हायरस अडवू शकतो. तरीही तो खर्च त्यांनी केलाच पाहिजे; त्याचं ओझं ग्राहकाच्या सुरक्षेवर टाकता येणार नाही. आणि वाचकहो, आलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा. सही नसेल किंवा जुळत नसेल, तर अँटिव्हायरस बंद करू नका; आधी कंपनीला फोन करा.