उगवतीची तिथी

घड्याळात रात्री बारा वाजले की तारीख पलटते. आमच्या गावातली जुनी माणसं हे मानत नव्हती. सोमवारच्या रात्री पहाटे तीनला गाय व्याली, तरी ती सोमवारीच व्याली म्हणायची. दिवस उगवला की वार बदलायचा, त्याआधी नाही. एका उगवतीपासून दुसरीपर्यंत साठ घटका. घटका म्हणजे २४ मिनिटं.

तिथीचं गणित मात्र चंद्राचं. चंद्र सूर्याच्या पुढं १२ अंश सरकला की एक तिथी सरली. त्याची चाल सारखी नसते, म्हणून एखादी तिथी वीस तासांत उरकते, एखादी २६ तासांवर जाते. मग दिवसाला नाव कुठलं द्यायचं? उगवतीला जी तिथी चालू असेल तिचं. एखादी तिथी उगवतीनंतर लागून दुसऱ्या उगवतीच्या आत संपली, तर तिचा क्षय. एखादीला दोन उगवत्या मिळतात, ती वृद्धी. सणांची रीत थोडी निराळी. संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी पाहिजे, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळची अमावास्या.

हे सगळं कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' ग्रंथात सोपं करून ठेवलं. पुढं कितीतरी पिढ्या पंचांगं त्यावरून झाली. आमच्या गावाला ते जोशीबुवांच्या तोंडूनच कळायचं.

पेरणीला तिथी कुणी विचारत नव्हतं. तिथी सरकते, मृग सरकत नाही. तो सूर्याच्या नक्षत्राचा. ७-८ जूनला लागणार म्हणजे लागणार. बांधावर तांबडे मखमली किडे दिसले की अडाणी माणसालाही उमजायचं.

साल मात्र असं उमजत नव्हतं. बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. ती तूट भरायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा घालतात, तोच धोंड्याचा महिना. जावयाला त्यात अनारसे. सालगड्याला काय? तो पाडव्याला ठरायचा, पुढच्या पाडव्यापर्यंत. ज्वारी, धोतरजोडी, चपला, थोडी रोकड, सगळं सालाचं. साल तेरा महिन्यांचं निघालं तरी ज्वारी तेवढीच. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, पुढचा ९ एप्रिलला. मोजून बघा, ३८४ दिवस भरतात.

आमच्या घरचा गडी बोलणी करताना आधी विचारायचा, "अण्णा, यंदा धोंडा हाय का?" वडील पंचांग बघून खरं सांगायचे, मग तो चार पायल्या वाढवून मागायचा. वडील कुरकुरत द्यायचे. सगळेच मालक सांगत नव्हते. पंचांग मालकाच्या फळीवर, आणि गड्याला अक्षर येत नव्हतं. जोशीबुवांना विचारावं, तर त्यांचं धान्यही मालकाच्याच खळ्यावरून यायचं.

आता गड्याच्या घरीही भिंतीवर कॅलेंडर असतं. मागच्या खेपेला एकजण मला म्हणाला, "काका, पाडव्याचं राहू द्या, एक एप्रिल ते एकतीस मार्च धरा."