नांगरावरील गलबतें

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास म्हणजे केवळ लढायांची जंत्री नव्हे. गलबताचे पुष्कळ दिवस नांगरावरच जात. हंगामांत उलटा वारा लागला कीं खलाशांनीं बंदरांत राहून तळांत झिरपलेलें पाणी उपसावें, शिडें शिवावीं, किनाऱ्यावरून गोडें पाणी आणावें व तरांड्यावरच भात रांधावा. पावसाळ्यांत तर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंदच.

बखरकारांस यांत गोडी नाहीं. हें जिणें शोधावयाचें तें तांदूळ, तेल, सुंभ यांच्या खर्चाच्या मोडी यादींत. आणि नेमके असलेच कागद कित्येक संग्राहक रद्दी समजून टाकतात!

विजयदुर्गाच्या खाडींत गिर्ये येथें आरमाराची गोदी अद्याप दिसते. लांबी सुमारें ३५५ फूट, रुंदी २२७ फूट. भरतीबरोबर तरांडें आंत घेत आणि पाणी ओसरलें कीं त्याचें बूड खरवडावयास लागत.