शंभर सीसीची पिढी

डांबरी रस्त्यावर आणि चिखलवाटेवर सारखीच चालणारी हलकी मोटारसायकल जगभर रुळवली ती जपानी कंपन्यांनी. होंडाची नव्वद सीसीची ‘ट्रेल’ १९६० च्या दशकात आली. १९६८ साली यामाहाची २५० सीसीची डीटी-१ अमेरिकेत गाजली आणि पाठोपाठ सव्वाशे सीसीची धाकटी भावंडेही आली. होंडाची सीटी-११० तर ऑस्ट्रेलियात पोस्टमनची गाडी म्हणूनच ओळखली गेली.

त्या काळात या गाड्या आपल्या बाजारात विकत मिळत नव्हत्या. इकडे राजदूत, येझदी, बुलेट, नाहीतर बजाजची स्कूटर; तीही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. १९८० च्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याला वाट दिली आणि चित्र पालटले. १९८४ साली इंड-सुझुकी एएक्स-१००, १९८५ साली हीरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१००, तर १९८६ साली आपल्या पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी-१०० आली.

यातली सीडी-१०० तेवढी फोर-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नसे आणि ती थोड्या पेट्रोलात लांब जाई. आरएक्स-१०० तेवढीच हलकी, पण वेगाने पळणारी. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले.

१९६५ साली कोयली रिफायनरी आणि १९६७ साली जीएसएफसी सुरू झाली, तेव्हापासून बाजवा-छाणी परिसर शिफ्टच्या भोंग्यावर चालतो. अशा वसाहतींना रात्रपाळीला हमखास सुरू होणारी, रविवारी कुटुंबाला घेऊन शेताडीच्या कच्च्या वाटेनेही जाणारी गाडी हवी होती. परदेशात ज्यासाठी वेगळी गाडी बनली, ते काम आपल्याकडे साध्या शंभर सीसीने केले. खास दुहेरी वाटेची हीरो इम्पल्स बाजारात आली ती थेट २०११ साली; तीही फार काळ टिकली नाही.

आता प्रश्न उरलेल्या गाड्यांचा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे १९८५ च्या गाडीला २०३५ पर्यंत थांबणे आले. तोवर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. ती चुकली की गाडी भंगाराच्या वाटेला लागते. म्हणून आपल्या घरी वडिलांची सीडी किंवा काकांची आरएक्स उभी असेल, तर आधी तिचे आरसी बुक शोधा. मूळ सुटे भाग, जुनी बिले, टूलकिट सांभाळा. आपली वसाहत कशी उभी राहिली, याचा तोही एक पुरावा आहे.