अंगणातील पाहुणे आणि यजमान

आपल्या वसईतील एखाद्या जुन्या ख्रिस्ती घरापुढे उभे राहावे. दारात पांढरा चाफा, विहिरीपाशी पपई, मागे पेरू. वाडवडिलांची झाडे म्हणून आपण ती जपतो. परंतु तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून वाढलेल्या सागरी दळणवळणातून अशी झाडे आपल्याकडे आली आणि घरचीच झाली.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हे वैद्य गोव्यास उतरले. त्यांचे लक्ष इथल्या वनस्पतींनी वेधले. फणस, जांभूळ, पारिजातक यांविषयी त्यांनी येथील लोकांना विचारले, स्वतः पडताळून पाहिले आणि १५६३ साली गोव्यातच आपला ग्रंथ छापला.

ओर्ता ज्यू वंशातील नवख्रिस्ती होते. १५६८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्यांच्या भगिनीला जाळले. १५८० मध्ये त्यांच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. ज्याने या मातीला नम्रतेने प्रश्न विचारले, त्याला त्या मातीत विसावाही लाभला नाही. आपल्या धर्मसंस्थेच्या इतिहासातील हे पान आपण झाकून ठेवू नये.

आज आपण झाकतो ती मातीच. अंगणात फरशी आली. आम्ही धर्मगुरूंनीही चर्चच्या आवारांत तेच केले. पावसाचे पाणी मुरेनासे झाले; सुरंगी, बकुळ, सोनचाफा, रातांबा, अडुळसा ही इथलीच मंडळी दाराबाहेर गेली. त्यांना लाड नकोत. मृगाच्या सरींनंतर रोप लावावे, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे. पुढे मुळे खोल गेली की ती बहुतांशी पावसावर तगतात. त्यांच्या फुलाफळांवर इथल्या मधमाश्या आणि पाखरे जगतात.

चाफा उपटावा असे आम्ही म्हणत नाही. पाहुण्याला हाकलणे ही आपली रीत नव्हे. पण यजमानालाही घरात जागा हवी. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग रानफुलांसाठी मोकळा ठेवावयास सांगत, याचे स्मरण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात करून दिले. येत्या पावसाळ्यापूर्वी आपणही अंगणातील चार फरश्या उचलू या. आमच्या चर्चच्या आवारापासूनच आरंभ व्हावा.