चांदबिबीचा तह

हातीं तरवार घेऊन अहमदनगरच्या पडक्या तटावर उभी असलेली चांदबिबी महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे. तोफेचे गोळे संपल्यावर तिनें नाण्यांचे गोळे करून डागल्याची दंतकथाही लोकांच्या तोंडीं आहे. परंतु ज्या कृत्यानें तिनें राज्य कांहीं काळ जगविलें आणि ज्याच्या आरोपावरून तिचा प्राण गेला, तें कृत्य लढाईचें नसून तहाचें होतें. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनें इ. स. २००० मध्यें १३२५ क्रमांकाचा ठराव करून सलोख्याच्या कामीं स्त्रियांच्या सहभागाचें महत्त्व मान्य केलें. त्या दृष्टीनें आपल्या प्रांतांतील हें जुनें प्रकरण पुन्हा तपासावें, एवढाच आमचा हेतु आहे.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची कन्या. अली आदिलशहाशीं तिचा विवाह झाला तो मुळीं दोन शाह्यांचें वैर मिटविण्यासाठीं. सोलापूर तिच्या आंदणांत गेलें, आणि या जुटीचें फळ इ. स. १५६५ त राक्षसतागडीच्या रणांत दिसलें. प्रथम ती तहाचें साधन होती. पुढें तह करणारी झाली.

इ. स. १५९५ च्या डिसेंबरांत शहाजादा मुराद व खानखानान यांनीं अहमदनगरास वेढा दिला. निजामशाहींत त्या वेळीं चार पक्ष चार निरनिराळे वारस पुढें करीत होते, व त्यांपैकीं मियान मंजूनेंच मोगलांस पाचारण केलें होतें. सुरुंगानें उडालेला तट चांदबिबीनें रातोरात बांधून काढविला. मुराद व खानखानान यांचें आपसांत पटत नव्हतें; विजापूर-गोवळकोंड्याची कुमकही निघाली होती. ही संधि साधून इ. स. १५९६ च्या आरंभीं तह झाला. वऱ्हाड मोगलांस गेलें; बालराजा बहादुर याचें अहमदनगर राहिलें. अबुल फजल यांत बादशहाची ताबेदारी पाहतो. आमच्या मतें एक प्रांत देऊन गादी राखण्याचा हा व्यवहार होता.

हा तह टिकला नाहीं. पुढच्याच वर्षीं गोदावरीकांठीं पुन्हा रण माजलें, व इ. स. १६०० त शहाजादा दानियाल किल्ल्यापुढें येऊन ठेपला. येथें साधनांची तुलना उद्बोधक आहे. फेरिस्ता सांगतो कीं, किल्ला स्वाधीन करावा, लोकांचे प्राण वाचवावे आणि बहादुरास घेऊन जुन्नरास जावें, असा विचार तिनें एका खोजा सरदारापुढें मांडला. तो ‘बिबी मोगलांस मिळाली’ अशी ओरड करीत बाहेर पडला, व खवळलेल्या शिबंदीनें तिला ठार केलें. त्या सुमारास स्वतः दक्षिणेंत असलेला अबुल फजल मात्र जुन्नराचें नांव घेत नाहीं. किल्ल्याच्या बदल्यांत तिला बीड मिळावें, असा आपणांशीं करार झाला होता असें तो लिहितो. तपशील जुळत नाहीं. परंतु ती वाटाघाटीस अनुकूल होती, याविषयीं दोघांचें एकमत आहे.

मग ही फितुरी म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तिच्या वधानंतर त्याच वर्षीं ऑगस्टांत किल्ला पडला, शिबंदीची कत्तल झाली, आणि बहादुराची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेंत झाली. फेरिस्ता म्हणतो तो तिचा सल्ला मानला असता, तर जें वांचण्याचा संभव होता तेंच नेमकें गेलें.

लोकस्मृति किती घसरते पाहा : नगरजवळील डोंगरावरच्या ज्या इमारतीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात, ती सलाबतखानाची कबर आहे. तिची तरवार लोकांनीं जतन केली. तिच्या तहाच्या अटी तवारिखांतून वेंचाव्या लागतात. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या दप्तरांत जनानखान्याचें पत्र किंवा शिक्का आढळल्यास तो घरगुती म्हणून बाजूस टाकूं नये. राज्यें राखण्याचें बोलणें पुष्कळदां त्याच दालनांतून निघालेलें असतें.