यंत्राच्या पोटातला चोथा

मैत्रिणींनो, सुनेला बटण दाबताच बिया दळून एस्प्रेसो देणारं यंत्र हवंय. 1901 मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरांनी वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातली कॉफी जळकट लागे. 1948 मध्ये आकिले गाज्जांचं दांड्याचं यंत्र आलं, दाब वाढला, वर सोनेरी फेस आला. पण चोथा माणूसच लगेच झटकून टाकायचा. 1985 मध्ये इटलीच्याच साएकोनं घरगुती यंत्रात दळण्यापासून सगळं बसवलं, आणि चोथा आतल्या डब्यात पडू लागला. नजरेआड! ओला साचला की बुरशी, म्हणजे अनंत जीव. म्हणून किमतीआधी मी विचारते, कॉफी गाळणारा आतला भाग काढून नळाखाली धुता येतो का? येत नसेल तर स्वस्तातलंही नको. रोज संध्याकाळी डबा रिकामा करायचं काम मात्र सुनेचं.