पाणीखात्याची कुळकथा

एक पाणी चुकलं तर उत्पन्न किती घटेल? कोरडवाहू शेतकरी हे अंदाजाने सांगतो. तो अंदाज आकड्यांत बसवायला अर्धशतक लागलं, आणि त्या खटपटीचं एक मूळ पुण्यात आहे.

1932 साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. प्रमुख एल. ए. रामदास. निरभ्र रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकून नसते, थोडी वर असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. कितीतरी जाणत्यांना ते पटेना. पिकाभोवतीची हवा पिकापाशीच मोजायची, हे वळण तिथून मिळालं. 1948 मध्ये इंग्लंडात पेनमन यांनी ऊन, वारा आणि दमटपणावरून बाष्पीभवन काढायचं समीकरण दिलं. पाण्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू तयार झाली.

जमेची बाजू मराठी माणसाने नीट लावली, असं मला वाटतं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतले एन. जी. दास्ताने यांनी 1974 साली अन्न व कृषी संघटनेसाठी ‘परिणामकारक पावसा’वर पुस्तिका लिहिली. पडला तो सगळा पाऊस पिकाचा नव्हे. वाशिमच्या चढउताराच्या रानात हे वेगळं सांगायला नको: एक दणका झाला की निम्मं पाणी नाल्याला लागतं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या कामाचं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. वीतभर मुरमाड रानात ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

1979 साली डोरेनबॉस आणि कसाम यांनी पिकागणिक गुणक दिले. पाण्याची गरज 20 टक्के अपुरी राहिली तर मका 25 टक्के घटतो, सोयाबीन 17, करडई 16. वाशिमसारख्या जिल्ह्यात रब्बीचा बेत करताना एवढा तक्ताही पुष्कळ आहे. 2009 मध्ये स्टेडुटो, शाओ, रेस आणि फेरेरेस यांचं ‘अ‍ॅक्वाक्रॉप’ हे पिकाचं संगणकी प्रतिरूप आलं. मातीतून उडालेलं पाणी आणि पानांतून गेलेलं पाणी त्यात वेगळं धरतात, कारण पीक वाढतं ते दुसऱ्यावर. पुढे राज्याच्या ‘पोकरा’ या हवामानानुकूल शेतीच्या प्रकल्पात वाशिमसह पंधरा जिल्ह्यांतल्या गावांसाठी मुंबई आयआयटीने पाण्याच्या ताळेबंदाची रीत बसवून दिली. पाऊस, उतार, मातीची खोली आणि पीक घालायचं. किती वाहिलं, किती मुरलं, पिकाला किती तूट पडली, हे बाहेर येतं.

आता प्रश्न शहराचं सांडपाणी पिकाला देण्याचा. एकबुर्जी धरणातून वाशिम शहराला पाणी जातं. नगरनियोजनात पुरवठ्याच्या 80 टक्के सांडपाणी धरतात. शुद्ध केलं तर उन्हाळ्यातही हक्काचं पाणी, वर थोडं नत्र फुकट. पण सोबत मीठ येतं. अ‍ॅक्वाक्रॉपमध्ये पुढे क्षारांचा हिशोबही आला, मात्र तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवर. मिठातलं सोडियम किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. काळ्या चिकणमातीला खरं भय सोडियमचं: ते साठलं की मातीचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. शेजारच्या अकोल्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा पाहिलेल्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तेव्हा वाशिममध्ये या पाण्यावर करडई धरायची, तर प्रतिरूपात आकडे भरण्याआधी दोन तपासण्या हव्यात: पाण्यातलं सोडियमचं प्रमाण, आणि पावसाळा सरल्यावर क्षार किती खोल उतरले.